सातबाऱ्यावरची माणसं

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वाडीत टँकर आला तेव्हा मी पडवीत बसून फणसाचे गरे काढत होतो. हाताला खोबरेल चोपडलं होतं, तरी चीक लागायचा तो लागलाच होता. ड्रायव्हरनं टँकर विहिरीशी उलटा लावला, मागचा व्हॉल्व्ह फिरवला आणि पाणी वरून धो धो विहिरीत पडायला लागलं. विहिरीत पाणी ओततात, हे न पाहिलेल्या माणसाला सांगितलं तर थट्टा वाटेल. तळाची लाल माती ढवळून वर आली, एक बेडूक भेदरून दगडाच्या कपारीत शिरला, आणि थोड्या वेळात विहिरीला चहाच्या रंगाचं पाणी आलं. ते निवळायला संध्याकाळ होणार. तोवर कुणी कळशी बुडवायची नाही, हा काकीचा नियम. काठावर उभं राहून हे सगळं मोबाइलवर टिपणारे भावोजी, म्हणजे माझ्या आतेबहिणीचे यजमान, मान हलवत म्हणाले, "काय करणार? माणसं किती वाढलीत बघा. पृथ्वी तरी किती जणांना पुरणार!"

कुणी काही बोललं नाही. काकीनं पदर खोचला आणि आत जाता जाता पुटपुटली, "आमी अकरा मानसां. आमी किती पानी पिनार?"

वाडीत घरं एकेचाळीस. त्यातली चौतीस कुलूपबंद. उरलेल्या सात घरांत मिळून बारमाही राहणारी माणसं अकरा, आणि त्यातली आठ साठीच्या पुढची. चौथीपर्यंतची शाळा होती, ती पटसंख्येअभावी बंद झाली. आता तिच्या व्हरांड्यात कुणाचे तरी पत्रे ठेवलेले असतात. मेमध्ये आणि गणपतीत मात्र ही कुलपं निघतात. त्या आठवड्यात वाडीत चाकरमानी धरून दोनशेच्या घरात माणूस असेल. तरीही 'माणसं वाढलीत' हे वाक्य त्या जागी ऐकताना भातात खडा लागावा तसं झालं. वाईट याचं वाटलं की वाक्य माझंच होतं. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळची लोकल पकडताना, दारातल्या माणसाच्या बगलेखालून आत घुसताना, मी ते गेली पंचवीस वर्षं मनातल्या मनात म्हणत आलोय. तिथं ते खरं वाटतं. घामाच्या वासासकट खरं वाटतं. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला आपण सोडून बाकीचे जास्त झालेत, असंच वाटतं.

पण आमचा जिल्हा रत्नागिरी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढून सव्वाअकरा कोटींच्या घरात गेली, तेव्हा रत्नागिरीची सोळा लाख सत्त्याण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली. ती जनगणना करायला आलेले गुरुजी आमच्या ओटीवर बसून पन्हं प्यायले होते. "एका दिवसात तीन वाड्या होतात, फक्त कुलपांचं काय लिहायचं ते कळत नाही," असं म्हणाले होते. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा एक्याऐंशी लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. त्या वाढीत मी, माझी बायको आणि मुलगी असे तिघं आहोत. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती झाली नाही, आता २०२७ वर गेली आहे. तेव्हा आमच्या वाडीत गुरुजींना पन्हं द्यायला किती जण असतील, कोण जाणे.

म्हणजे माणसं कमी झाली तर निसर्गाचं काय होतं, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्यानं आमच्याकडे यावं. आमच्याकडे तो प्रयोग केव्हाचा चालू आहे.

माझ्याकडे बाबांच्या शाळेचा एक फोटो आहे. साठच्या दशकातला, कडा कुरतडलेला. पुढं मांडी घालून बसलेली मुलं, मागं बाबा आणि आणखी एक मास्तर, आणि त्यांच्या मागं आमचा डोंगर. डोंगर चक्क बोडका आहे. इथं तिथं आंब्याचं एखादं झाड, बाकी न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखं. लहानपणी मला वाटायचं की फोटो जुना म्हणून तसं दिसत असेल. नंतर कळलं, खरंच तसा होता. वाडीत तेव्हा तीनशेवर माणूस. भाताच्या भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जमीन भाजायला, डोंगरावरची कवळं, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडायची, चुलीला लाकूडफाटा तिथूनच, वरकस उतारावर नाचणी आणि वरी, आणि उरलेल्यावर गुरं. आजीच्या काळातलं ते जगणं म्हणजे निसर्गाशी एकरूप वगैरे होतं, असं अलीकडे लिहिलं जातं. आजी एकोणीस माणसांच्या घराला पाणी पुरवायची, न्हाणीचं पाणी अळूला आणि केळींना जायचं, भांडी राखेनं आणि नारळाच्या सोडणानं घासायची, घरातून फेकायला म्हणून काही निघायचं नाही, हे सगळं खरं. पण डोंगर बोडका होता हेही तितकंच खरं. हे भावोजींच्या बाजूनं सांगून टाकलेलं बरं. पोटं वाढली की डोंगरावर कोयता जास्त चालतो.

मग माणसं मुंबईला गेली. मनीऑर्डरी येऊ लागल्या, नाचणी पेरायला कुणी राहिलं नाही, गॅस आला. आणि डोंगर आपोआप हिरवा झाला. ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या, वर कुडा फुललेला. रान इतकं माजलं की डुकरं मागच्या दारी यायला लागली आणि वानरांनी काकीचं परसू संपवलं. मी गणपतीला गेलो की सड्यावर जायचो. पावसात सडा म्हणजे काय असतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही: काळा कातळ, त्यावर बोटभर माती, आणि त्या बोटभर मातीत निळी सीतेची आसवं वाऱ्यावर थरथरत असलेली, नजर जाईल तिथवर. तेव्हा मला वाटायचं, झालं, हिशेब चुकता झाला. आम्ही निघून गेलो, डोंगर परत आला. मी एकदा हे वाक्य ऑफिसात चहा पिताना कुणाला तरी ऐकवलंही होतं, मोठ्या ऐटीत.

आता आजीचं सांगतो. आजीची नऊ बाळंतपणं. सहा जगली. माजघराला लागून एक अंधारी खोली होती, तिला आम्ही अजून बाळंतिणीची खोली म्हणतो, तिथं आता भावोजींच्या सुटकेसी असतात. आजीला मी कधी आजारी पाहिलं नाही, पण ती जिना चढताना दर दोन पायऱ्यांनी कंबर धरून थांबायची, ते आठवतं. आईला आम्ही दोघं, मी आणि माझी बहीण. बहीण दोन वर्षांची झाली आणि आणीबाणीतलं ते १९७६ चं वर्ष आलं. बाबा प्राथमिक शिक्षक, त्यामुळं त्यांनाही 'केस' आणायचा आकडा ठरवून दिलेला. केस म्हणजे नसबंदीला तयार केलेला माणूस. पगार अडेल, बदली होईल अशा धमक्या. त्या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं, नाहीतर महाराष्ट्राच्या नावावर तेही लागलं असतं.

बाबांनी पहिली केस म्हणून स्वतःचं नाव दिलं. घरात हे कळल्यावर आजी दोन दिवस बाबांशी बोलली नाही. मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तुळशीपाशी दिवा लावून आल्यावर, तिनं आईला मागल्या दारी बोलावलं आणि एकच शब्द म्हणाली: "सुटलीस."

आई हे अजूनही सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होतो. त्यात हसू असतं आणि आजीविषयी एक प्रकारचं वाईट वाटणंही असतं. बाबांनी सरकारच्या आकड्यासाठी ऑपरेशन केलं, असं मी एकदा म्हणालो तर ती ताडकन म्हणाली, "सरकारच्या कशाला? मी सांगितलं होतं म्हणून केलं. सरकारचं निमित्त झालं."

दुसरी केस मात्र बाबांनी आयुष्यभर बोलून दाखवली नाही. ती मला त्यांच्या माघारी आईकडून कळली. शाळेचा शिपाई होता, कुळवाडी घरातला, तीन मुलींचा बाप. त्याला मुलगा हवा होता. मुलगा हवा असणं बरोबर की चूक, हा प्रश्न आज मी सहज सोडवीन. तेव्हा बाबांनी त्याला कसं तयार केलं, समजावून की नोकरीची भीती घालून, ते आईलाही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की त्यानंतर तो आमच्या ओटीवर चढला नाही. निरोप असेल तर अंगणातूनच सांगायचा. बाबा वारले तेव्हा आला होता, म्हातारा झाला होता, आणि तेव्हाही अंगणातच उभा राहिला. एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात झालेली दोन सारखी ऑपरेशनं. एकानं घरातली बाई सुटली, आणि दुसऱ्यानं एका माणसाचं आमच्या घरी येणं सुटलं. सरकारी वहीत दोन्हींपुढं एकसारखीच टिकमार्क असणार.

र. धों. कर्वे आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुरूडचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. प्राध्यापकी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं तर खटले झाले, तरी १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. त्यांचं मला विशेष वाटतं ते हे की ते बाईच्या शरीराविषयी आणि सुखाविषयी बोलत होते. किती मुलं व्हावीत हे तिच्या हातात असावं, यासाठी त्यांना देशाची, पृथ्वीची किंवा डोंगराची साक्ष काढावी लागली नाही. सरकारनं पुढं १९५२ ला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून हा विषय आकड्यांचा होत गेला. लाल त्रिकोण, भिंतीवरचं चौकोनी कुटुंब, आणि त्या कुटुंबाकडं बघत रांगेत उभी असलेली माणसं.

आणि आकडे आज कुठं आहेत? कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशात बाईमागं सरासरी दोन मुलं आली, महाराष्ट्रात एक पूर्णांक सात. लोकसंख्या जागच्या जागी राहायला दोन पूर्णांक एक लागतात. म्हणजे आपण केव्हाच खाली आलोय. तरीही ज्यांची वयं मुलं होण्याची आहेत अशा लोकांचीच संख्या मोठी असल्यानं एकूण आकडा अजून वाढत राहणार. पंखा बंद केला तरी पाती लगेच थांबत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०६० च्या दशकात आपण एकशे सत्तर कोटींच्या आसपास जाऊन मग उतरणीला लागू. म्हणून मला 'लोकसंख्या हा प्रश्नच नाही' म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. पंचवीसेक कोटी माणसं अजून यायची आहेत, त्यांना पाणी लागणार, भिंती लागणार. फक्त त्यांच्या आया बहुतेक आज जन्मलेल्या आहेत. त्यांना कायद्यानं कसं आवरायचं, हे ज्यांना दिसतं त्यांना दिसो. आमच्याकडे तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, असा नियम आहेच. गेल्या वेळी आमच्या वॉर्डातून उभं राहायला माणूसच मिळत नव्हता.

आता जे सांगायचं टाळत होतो, त्याकडे येतो.

डोंगराचा वरचा सडा आमच्या सामायिक मालकीचा. सातबाऱ्यावर आजोबांचं एकट्याचं नाव होतं. मग त्यांची सहा मुलं लागली, मग त्यांची, मग काहींच्या नातवंडांची. आज त्या एका गटावर त्रेचाळीस नावं आहेत. वाडीत अकरा माणसं, आणि एका सड्यावर त्रेचाळीस. आजीच्या बाळंतिणीच्या खोलीत जी लोकसंख्या जन्मली ती गावातून गेली, पण सातबाऱ्यावरून गेली नाही. ठाणे, विरार, पुणे, दुबई, एक न्यू जर्सी. सात वर्षांपूर्वी एका चिरेखाणवाल्यानं तो सडा मागितला. परवान्याला सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं लागतात, ती जमवायला चुलतभाऊ घरोघर फिरला. माझ्याकडे रविवारी सकाळी आला, बायकोनं पोहे केले, मी पोहे खाता खाता सही केली. काय गटाचा नंबर, किती ब्रास, कुठवर खोदणार, काही विचारलं नाही. माझ्या वाट्याला बासष्ट हजार आले. त्यात एसी बसवला. डोंबिवलीत उकाडा फार.

यंदा, टँकर येऊन गेला त्या संध्याकाळी, मी सड्यावर गेलो. चिरेखाण म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: साबणाच्या वडीतून सुरीनं चौकोन काढावा तसा डोंगरातून काढलेला चौकोन. भिंती सरळ, ओळंब्यात, त्यांवर कटरच्या पात्याच्या आडव्या रेघा. खाली एक मशीन झाकून ठेवलेलं, आणि सगळीकडे मैद्यासारखी लाल धूळ. वहाण रुतते. वारा आला की ती धूळ करवंदीवर बसते, काळी पिकलेली करवंदंही लाल दिसतात आणि तशीच तोंडात टाकली तर दात करकरतात. जांभा हा दगड म्हणायला दगड. आतून स्पंजासारखा भोकांचा. पाऊस त्यात मुरतो, झिरपत खाली चिकणमातीच्या थरापर्यंत जातो, आणि तो थर जिथं डोंगराच्या कुशीत उघडा पडतो तिथं झरा होऊन बाहेर येतो. आमच्या विहिरीला असाच झरा होता. चैत्रात आत उतरून कान लावला तर ऐकू यायचा. खाणीनंच तो तोडला, असं मी शपथेवर सांगणार नाही. खाली चाकरमान्यांनी आपापल्या बंगल्यासाठी मारलेल्या सात बोअरही आहेत, त्यातली एक भावोजींची. पण तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात विहिरीत टँकर ओततात, आणि त्याचं कारण अकरा माणसं नाहीत, एवढं मला त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून कळत होतं. जे चिरे तिथून निघाले, त्यातले बरेचसे आमच्याच वाडीत उतरलेत. कुलूपबंद घरांच्या जागी कुलूपबंद बंगले झालेत. चार दिवसांसाठी चार खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर.

खेड्यात माणशी दिवसाला पंचावन्न लिटर पाणी द्यावं असं सरकारी माप आहे, शहरात एकशे पस्तीस. काकी आणि तिच्यासारखे दहा जण मिळून दिवसाला सहाशे लिटर. टँकर दहा हजारांचा. भावोजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुतली. मीही धुतली, खोटं कशाला बोलू.

त्याच रात्री मुलीचा पुण्याहून फोन आला. एकोणतीसची आहे, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. आईशी बोलता बोलता म्हणाली, "आजी, आम्ही मूल नको असं ठरवलंय. एवढं तापमान वाढतंय, या जगात आणखी एक माणूस कशाला?" आई दमून अंथरुणावर पडली होती, फोन स्पीकरवर होता. मला वाटलं आता काही तरी होणार. आई जरा वेळ छताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "नको तर नको, बाळा. तुला वाटतं तर ठरव. पण डोंगराचं नाव कशाला सांगतेस? मी नाही कधी सांगितलं." पलीकडे मुलगी हसली, की रडली, नीट कळलं नाही. रेंज गेली. आमच्याकडे रेंज सड्यावर चढल्यावरच धड मिळते.

मला नातवंड हवं होतं. हे मी कुणाला बोललो नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात असंही येऊन गेलं की बरं झालं, सातबाऱ्यावर एक नाव कमी. असं मनात यावं याची लाज वाटली, पण आलं खरं. रात्रभर काकीच्या घरातून खोकल्याचा आवाज येत होता. धुळीनं होतो, म्हणते.

डोंबिवलीला परतून आठवडा झाला आणि चुलतभावाचा फोन आला. त्याच खाणवाल्याला शेजारचा गट हवाय, झऱ्याच्या डोक्यावरचा. या वेळी भाव चांगला देतोय. संमतीपत्र व्हॉट्सॲपवर पाठवलंय, छापून, सही करून कुरिअर करायचं. मी म्हटलं, "काकीला विचारलंस?"

"काकीचं नाव कुठाय त्यात? ते काकांचं होतं, आता पोरांचं. बेचाळीस सह्या झाल्यात, दुबईवाल्याचीसुद्धा आली. तू एकटा राहिलायस."

"बघतो," मी म्हटलं.

"बघतोस काय त्यात? पाऊस तोंडावर आलाय."

कागद छापून आणलाय. टेबलावर आहे, एसीच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर कंपासपेटी ठेवलीय, मुलीची शाळेतली.